कुंकू लागलेला रोखा

काचीगुडा, हैदराबाद
२८ ऑगस्ट १९९५

ती. इंदुताईस,
सा. न.

उद्या गणपती बसायचे आणि मी सारण अर्धवट टाकून पत्र लिहायला बसलेय, यावरूनच काय ते ओळख. फोन केला असता, पण तुझा फोन बैठकीत आणि बैठकीत भाऊजींचे पक्षकार ठाण मांडून. त्यापेक्षा पत्र बरं. माझ्याकडे तर कुणी चोरून वाचेल ही भीतीच नाही. मकरंदचं सगळं शिक्षण इंग्रजीतून, त्याला दुकानाच्या पाट्या वाचता येतात तेवढ्याच. लेकाला, विक्रमला, तुझं पोस्टकार्ड वाचायला दिलं तर त्याची संध्याकाळ होते. या घरात मराठीत लिहिलं म्हणजे कुलुपात ठेवलं.

मुद्द्याचं लिहिते. दोन वर्षांपूर्वी तू आमच्या श्रीगोदा कंपनीचे पन्नास हजारांचे कर्जरोखे घेतलेस, ते विकून टाक. दिवाळीच्या आत. कंपनीला ते मुदतीआधी परत घेता येत नाहीत, बँकेने तशी अट घातली आहे. पण एकाने दुसऱ्याला विकायला कुणाची हरकत नाही. सोबतच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या करायच्या, मूळ रोखा जोडायचा आणि इकडे पाठवायचा. मग इथल्या पुस्तकात नाव बदलतं.

शिल्पाच्या इंजिनिअरिंगची फी भरायचीच आहे तुला. कुणी विचारलं तर तेच सांग, सगळ्यांना पटेल.

मकरंदला यातलं काही माहीत नाही. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
कविता


नांदेड
९ सप्टेंबर १९९५

चि. कवितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. तुझं एकही पत्र मी आजवर फाडलेलं नाही, आता या वयात कुठे नवी सवय लावून घेऊ?

तुझं लिहिणं वाचून मला वाटलं ते सरळ सांगते. तुझ्या सासरच्या कुणाला तरी आपलं माहेरचं नाव त्या पुस्तकात खुपायला लागलं आहे. आधी पैसे लागले होते तेव्हा गोड बोलून रोखे दिले, आता कारखाना नीट चालायला लागला तर बाहेरच्यांनी निघावं. तसं असेल तर तसं लिही. मी काही रागावून दारात येऊन बसणार नाही.

आणि विकायचे कुणाला? ही काय गवारीची शेंग आहे, टोपलीत घालून दारोदार फिरायला? ते देवघरात लक्ष्मीच्या तसबिरीमागे आहेत. दर लक्ष्मीपूजनाला बाहेर काढते, पाटावर ठेवते, हळदकुंकू वाहते. पहिलं स्वस्तिक तूच काढलं होतंस, विसरलीस? तू आणि आमचे जावई मकरंदराव रोखा घेऊन आला होतात, तू ओल्या कुंकवात बोट बुडवलंस आणि म्हणालीस, "ताई, हे कागद नाहीत, हे आपलंच घर आहे." दर सहा महिन्यांनी व्याजाचा चेक वेळेवर येतो. तुझे भाऊजी म्हणतात, साडेपंधरा टक्के आज कोण देतं?

म्हणून नीट विचारते. काही वाईट आहे का? मी तुझी मोठी बहीण आहे. कंपनीला लिहावं तसं मला लिहू नकोस.

तुझी,
इंदुताई


काचीगुडा
१६ सप्टेंबर १९९५

ती. इंदुताईस,
सा. न.

हो. वाईट आहे.

औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं करायचं इटालियन यंत्र आणायचं होतं तेव्हा बँक म्हणाली, आम्ही तीन वाटे देतो, चौथा तुमचा तुम्ही आणा. आमच्याकडे कुठला चौथा वाटा? म्हणून नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीत रोखे खपवले. तू, मकरंदच्या मावश्या, नांदेडचे नामदेवराव, अंबरपेठेतली निम्मी मराठी घरं. ती घरं तर मीच फिरले, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वाण लुटता लुटता फॉर्म भरून घेतले. सगळ्या खूश होत्या, आणि मी त्यांच्याहून.

मग सरकारने बाहेरच्या मालावरचा कर उतरवला. धंद्याची दारं उघडली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, ताई. आपल्याला वाटलं, आता आपण या दारातून बाहेर जाणार. दुसरा कुणी आत येईल हे काही सुचलं नाही. आता परदेशी बुचं आमच्यापेक्षा स्वस्त पडतात. जे गिऱ्हाईक आहे ते सहा-सहा महिने बिल देत नाही. बँकेने यंदा व्याज दोनदा वाढवलं आणि पुढची उचल बंद केली. या महिन्याचं तुमचं व्याज मकरंदने सुलतान बाजारातल्या एका सराफाकडून उसनं आणून वाटलं. मार्चमध्ये वाटायला काहीही नसेल.

मी विचारलं, लोकांना सांगायचं का? तर म्हणतो, "परेशान नक्को हो. नया लोन हो जाता." तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच वाटतं की होईल. त्याचंच मला जास्त भय वाटतं.

कारखाना बुडाला तर जमिनीवर आणि यंत्रावर पहिला हक्क बँकेचा. तिचं पोट भरून उरलं तर रोखेवाल्यांचं. मी कागदोपत्री डायरेक्टर आहे, रोख्यांचं पुस्तक माझ्याकडेच असतं, म्हणून मला माहीत आहे की काही उरणार नाही.

इतक्या जणांना अंधारात ठेवून मी एकट्या तुला सांगते आहे. संध्याकाळी अंबरपेठेतल्या भाग्यलक्ष्मीवहिनी भाजी घेताना भेटल्या, "काय म्हणतो गं आपला कारखाना?" म्हणून हसल्या. मी भाव न विचारताच तोंडली घेतली आणि पळाले.

तू विक. एक कर, विकत कोण घेतंय ते मला कळवू नकोस. मला ते नाव नको आहे.

कविता


नांदेड
६ ऑक्टोबर १९९५

चि. कवितास,
अनेक आशीर्वाद.

दसरा छान झाला. शिल्पा परवा हॉस्टेलला गेली. फी भरली, वर त्या लोकांनी गादी-कपाटाचेही पैसे घेतले. मेसचं जेवण तिला आवडत नाही, पण आवडेल.

रोखे गेले. पुरत्या किमतीला गेले. घेणाऱ्याने घासाघीस केली नाही, उलट पेढे घेऊन आला. कोण ते तू विचारू नकोस म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. तुझ्या भाऊजींनाही मी फीचंच कारण सांगितलं आहे.

फॉर्म आणि रोखा रजिस्टर पोस्टाने तुझ्या ऑफिसला पाठवला आहे.

ते पेढे मी एकही खाल्ला नाही. मोलकरणीला दिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते कसं असतं ते मला आता कळतंय. काल दारात सायकलची घंटा वाजली तरी दचकले. पण माझं सोड. आई म्हणून मी दुसरं काय करणार होते, ते तूच सांग. किंवा नको सांगूस.

तुझी,
इंदुताई


जीडीमेटला, कारखान्यातून
१२ ऑक्टोबर १९९५

इंदुताई,

नाव कळवू नकोस म्हणाले आणि फॉर्म माझ्याच टेबलावर येणार हे विसरले. की विसरल्यासारखं केलं, ते मलाही सांगता येणार नाही.

दत्तोबाकाका.

तुला दुसरं कुणी मिळालं नाही? आपल्या अण्णांच्या कापडदुकानात ज्याने तीस वर्षं गज धरला, आपल्या दोघींना सायकलवर पुढे-मागे बसवून ज्याने शाळेत सोडलं. गोदावरीला पूर आला तेव्हा मला खांद्यावर घेऊन जो घाटापासून घरापर्यंत चालत आला. दुकान बंद करताना अण्णांनी त्याला जे पैसे दिले तेच हे, दुसरे त्याच्याकडे असणारच कुठून? ते त्याने लेकीसाठी, भामासाठी ठेवले होते. नवरा गेल्यापासून ती त्याच्याकडेच आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सही त्याने मराठीत केली आहे. दुकानातल्या बिलावर करायचा तशीच, शेवटच्या अक्षराखाली दोन रेघा मारून.

आणि रोख्यावर सगळीकडे कुंकू. मधोमध माझं स्वस्तिक, वाळून तपकिरी झालेलं. माझं बोट कुठे घसरलं होतं तेसुद्धा दिसतंय.

त्याला खरं सांग आणि पैसे परत कर. मी हात जोडते.

कविता


नांदेड
१७ ऑक्टोबर १९९५

कविता,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, तरी लिहिला असं समज.

मी त्याच्याकडे गेले नव्हते. तो आला. फी भरायला रोखे विकायचे आहेत हे मी फक्त समोरच्या वहिनींजवळ बोलले. दुसऱ्या दिवशी दत्तोबा दारात. म्हणाला, "धाकट्या अक्काच्या कंपनीचा कागद परक्याच्या घरात कामून जाऊ द्यायचा? मला द्या." मी तीनदा नाही म्हटलं. तो म्हणाला, मला परवडत नाही असं वाटतं का तुम्हाला? मग मी काय बोलायचं होतं? कंपनी बुडते आहे म्हणायचं? ते तूच कुणाला सांगू नको म्हणाली होतीस.

आता तू मला शहाणपण शिकवतेस. रोखा विकला तर कुणी तरी घेणारच, हे तुला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. फक्त तो ओळखीचा निघू नये एवढीच तुझी इच्छा होती. परका बुडाला असता तर तू सही करून मोकळी झाली असतीस आणि मला दिवाळीचा फराळ पाठवला असतास.

पैसे माझ्याकडे नाहीत. कॉलेजवाले परत देत नाहीत, मी विचारून घेतलं. तू सुरुवातच मला निवडून केलीस. आता मध्येच माणूस बदलू नकोस. सही कर.

इंदुताई


काचीगुडा
३१ ऑक्टोबर १९९५

ती. इंदुताईस,
सा. न.

तू लिहिलंस ते खरं आहे. परका असता तर मी सही केली असती. ते वाचल्यापासून माझी मला किळस येते आहे. दिवाळीत चार लोकांत हसले, फटाके आणले, सगळं वरवर केलं.

मी सही केली नाही.

रोख्याच्या पाठीमागे एक नियम छापलेला आहे, डाग पडलेला किंवा खाडाखोड झालेला रोखा दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. आमच्या टायपिस्टने तो कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला होता. आजवर कुणी वाचलाही नव्हता. मी तो डायरेक्टरांच्या बैठकीत वाचला आणि कुंकू म्हणजे डाग असं म्हटलं. मकरंद हसायलाच लागला. "कुंकवासाठी कुणी कागद परत पाठवतं का? साइन कर दे ना, घरचाच माणूस आहे." मी नाहीच म्हटलं. मग तो हसायचा थांबला, रोखा माझ्या हातातून घेतला आणि उलटसुलट बघून परत दिला.

व्यवहार झालाच नाही, म्हणून दत्तोबाकाकाचे पैसे तुला परत करावे लागतील. भाऊजींना सगळं खरं सांग आणि त्यांच्या पोस्टातल्या ठेवीतून काढ. मी घरखर्चातून दरमहा पाठवीन, पुरं फिटेपर्यंत. रोखा तुझ्याकडे परत येतो आहे. म्हणजे बुडेल ते तुझंच, आणि तुला बुडवणारी मी.

काकाला मात्र कुंकवाचंच कारण सांग. खरं कळलं तर गावभर होईल आणि मकरंदची जी एक आशा आहे तीही जाईल. एवढं एक झाकून ठेव.

कविता


नांदेड
२४ नोव्हेंबर १९९५

सौ. धाकट्या अक्कांना दत्तोबाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र लिहायास कारण की, तुमच्या कंपनीचं नाकारल्याचं पत्र पोचलं. वकीलसाहेबांनी पैसे मोजून परत दिले. मी घेत नव्हतो, पण त्यांनी हातात कोंबले. थोरल्या अक्का आतून बाहेर आल्याच नाहीत.

अक्का, खरं सांगतो, राग येऊ देऊ नका. आधी मला लई वाईट वाटलं. कुंकवानं कागद खराब होतो हे मी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं. आपल्या दुकानात चोपडीवर पहिलं कुंकू लागल्याबिगर अण्णा दौत उघडत नव्हते. मला वाटलं, कुंकू हे निमित्त. पुस्तकात सगळी मोठ्या घरची नावं, त्यात दुकानातल्या गड्याचं नाव कसं दिसंल म्हणून तुम्हाला नको असंल. भामा म्हणाली, बाबा, त्या तशा नाहीत. मग मीच मला समजावलं की तुम्ही तरी काय करणार, कायदा म्हणजे कायदा.

पण देवानंच वाट काढली. नामदेवराव स्वतः होऊन माझ्या घरी आले. ते वकीलसाहेबांच्या बैठकीत रोज बसतात, तुम्हाला माहीतच आहे. म्हणाले, दत्तोबा, ऐकलं ते, वाईट झालं. माझा रोका कपाटात आहे, कोरा करकरीत, कुंकवाचा ठिपका नाही. तुझ्यासाठी मी माझा सोडतो. असा मोठ्या मनाचा माणूस. मी त्यांना पैसे लगेच दिले.

फॉर्म आणि रोका सोबत जोडला आहे. उजेडात धरून बघितला, कुठंच डाग नाही. सही पण ह्या खेपेला जपून केली, शाई पसरू दिली नाही. आता नाव चढायला काही अडचण नसावी. चढलं की दोन ओळी टाका, वाट बघायलो. नाव चढेस्तोवर ह्याला कुंकू लावायचं नाही असं भामाला बजावलं होतं.

लहान तोंडी मोठा घास घेतला असंल तर माफी असावी.

आपला,
दत्तोबा


काचीगुडा
२९ नोव्हेंबर १९९५

ती. दत्तोबाकाकांना,
कविताचा साष्टांग नमस्कार.

तुमचा रोखा मिळाला. त्यावर कुठेही डाग नाही. तरी मी तुमचं नाव चढवणार नाही, आणि या वेळी कारण खरं सांगते.

आमची कंपनी बुडते आहे. मार्चमध्ये कुणालाच व्याज मिळणार नाही आणि मुद्दलही बहुतेक मिळणार नाही. हे मला ऑगस्टपासून माहीत आहे. मी ते फक्त ताईला कळवलं आणि तिला विकायला लावलं. तिने नको नको म्हणत तुम्हाला विकलं. तुमचं नाव पाहिल्यावर मला ते सोसवेना, म्हणून कुंकवाचं निमित्त काढलं. तुम्हाला निमित्त वाटलं ते बरोबर होतं, काका. का काढलं तेवढंच तुम्ही चुकीचं समजलात, आणि ते तसं समजलं जाईल हे मला सुचायला हवं होतं. तुमच्या नावाची मला लाज वाटत नाही. माझ्या पुस्तकाची वाटते.

तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा स्वच्छ रोखा शोधत फिरला नसता. मी लपवलं म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा फसलात. नामदेवराव बैठकीत बसतात, त्यांच्या कानावर आलं असणारच, नाही तर साडेपंधरा टक्के कुणी असं सोडत नाही. त्यांचा फॉर्म मी सही न करता परत पाठवते आहे. म्हणजे कागद अजून त्यांचाच आहे आणि पैसे तुमचे. आजच्या आज जा आणि मागून घ्या. का-कू करू लागले तर वकीलसाहेबांना सोबत न्या.

हे पत्र मी आधी मकरंदला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला माझं अक्षर लागत नाही, आणि इतके दिवस मी त्याचाच फायदा घेत होते. ऑगस्टपासूनचं सगळं त्याला एकदमच ऐकावं लागलं. मध्ये थांबले तर म्हणाला, "पूरा पढ." पुरं झाल्यावर तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोर काचीगुडा स्टेशनात एक गाडी आली, एक गेली. मग आत आला आणि म्हणाला, "बाकीच्यांना पण लिहावं लागेल ना?" म्हणून आज तुमचं, आणि उद्यापासून अंबरपेठ. तिथे पत्र नाही पाठवणार. ज्या घरांत हळदीकुंकवाला बसून फॉर्म भरून घेतले, त्या घरांत जाऊनच सांगेन. पहिलं घर भाग्यलक्ष्मीवहिनींचं.

ताईवर राग धरू नका. तिच्या वाटणीचाही माझ्यावर धरा.

हे पत्र फाडू नका. बैठकीत सगळे जमले असतील तेव्हा वकीलसाहेबांच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. नामदेवराव असतील तर फारच बरं. खाली मकरंदनेही सही केली आहे. मराठीत करायला जरा वेळ लागला.

तुमची,
कविता

मकरंद